२०१४ च्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड टाकायचंय, दुकानदार ४ जीबीचं जीटी ७३० देतोय, घेऊ का?

कराडकर_बाबा

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको. घरात २०१४ साली असेंबल करून घेतलेला कॉम्प्युटर आहे, आय५ ४५७० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड कधी टाकलंच नाही, बोर्डावरचंच चालतंय. इतकी वर्षं मी त्यावर पतसंस्थेची एक्सेलची कामं केली, लाइटबिलं भरली, कधी तक्रार नव्हती. आता मुलगी कोल्हापूरला आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे, शनिवारी घरी आली की स्केचअप (इमारतीचं थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) उघडून बसते, मॉडेल जरा मोठं झालं की फिरवताना अडकतं, आणि ब्लेंडर (हेही थ्रीडीचंच सॉफ्टवेअर) ती यूट्यूब बघून स्वतःच शिकतेय, त्यात एका खोलीचा रेंडर (मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र तयार करणं) लावला की पाऊण तास मशीन नुसतं घोंघावत बसतं आणि तोवर दुसरं काहीच करता येत नाही.

लॅपटॉप घ्यायचा तर सत्तर-ऐंशी हजार, यंदा फी आणि हॉस्टेलमध्ये सगळं गेलंय त्यामुळे ते जमणार नाही. १५ हजारांपर्यंत सोय करू शकतो, अगदीच गरज असली तर दोन-तीन हजार वर. इथल्या दुकानदाराने सांगितलं की जीटी ७३० घ्या, ४ जीबी आहे, ५ हजारांत बसवून देतो, ४ जीबी म्हणजे भरपूर झालं. पुतण्या म्हणतो की ऑनलाइन एएमडी कंपनीचं आरएक्स ५८० मिळतं ८ जीबीचं, जुनं आहे पण साडेसहा-सात हजारांत येतं आणि ते कितीतरी पट भारी. आता एक म्हणतो ४ पुरे, दुसरा म्हणतो ८ घ्या, आणि मला या आकड्यांचा अर्थच लागत नाहीये. पोरगी काही मागत नाही, पण रात्री दोन वाजता रेंडरसमोर बसलेली बघितली की वाईट वाटतं. पैसे वाया जायला नकोत एवढंच, कृपया मार्गदर्शन करा.

वायर_आणि_स्क्रू

दादा, जीटी ७३० घेऊ नका. मी १८ वर्षं सांगलीत रिपेअरिंगचं काम केलंय, हे कार्ड घेऊन परत आलेली माणसं भरपूर बघितलीत म्हणून स्पष्ट सांगतोय. कार्डवर किती जीबी आहे ती झाली टाकी, पण टाकीतनं पाणी किती जोरात येतंय ते तोटीवर ठरतं. बाजारात जे जीटी ७३० विकलं जातं त्यातलं बरंचसं ६४ बिटचं आणि डीडीआर३ मेमरीचं असतं, त्याचा वेग सेकंदाला साधारण १४ जीबी. तुम्ही बोर्डावरचं म्हणताय ते खरं तर प्रोसेसरमधलंच असलेलं इंटेलचं एचडी ४६०० ग्राफिक्स तुमची साधी रॅमच वापरतं, आणि ती रॅम डीडीआर३ १६०० असून दोन स्टिकमध्ये लावलेली असली तर तिचाच वेग २५ जीबीच्या वर जातो. ती प्रोसेसरलाही पुरवायची असते हे खरं, तरीपण ५ हजार घालून तुम्ही जिथे आहात तिथेच राहणार. जीटीएक्स १६५० सारख्या साध्या कार्डाला हाच आकडा १२८ आहे, बघा फरक. शिवाय ७३० चे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ते बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०२१ पासून नियमित देणं बंद केलंय, म्हणजे नवीन ब्लेंडर त्यावर नीट चालणारच नाही.

आता कार्ड कुठलं ते नंतर बघू. आधी मेन स्विच बंद करून कॅबिनेटची डावी बाजू उघडा आणि तीन गोष्टी लिहून पाठवा. एसएमपीएसवर (मशीनला वीज देणारा डबा) जे स्टिकर असतं त्यात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपियर लिहिलंय, वरचा मोठा ४५० किंवा ५०० चा आकडा नको, १२ व्होल्टचाच पाहिजे. दुसरं म्हणजे बोर्डाचं नाव, एच८१ आहे का बी८५ ते बोर्डावरच छापलेलं असतं. आणि रॅमची स्टिक एक आहे का दोन. मॉनिटरची वायर कुठली तेपण बघा, निळी पंधरा पिनवाली का एचडीएमआय.

शेवटचं_वर्ष

काका, मी पुण्यात बी.आर्कच्या शेवटच्या वर्षाला आहे म्हणून लिहितेय, हार्डवेअरमधलं मला फार कळत नाही पण कोर्सचं कळतं. पहिल्या वर्षाला बहुतेक काम ड्रॉइंग बोर्डावर हातानेच असतं, शीट, टी-स्क्वेअर, हाताने केलेली मॉडेल्स. ऑटोकॅडला ग्राफिक्स कार्ड फारसं लागत नाही. स्केचअपला कार्ड लागतं पण स्केचअप प्रोसेसरचा एकच कोर वापरतं, त्यामुळे कितीही भारी कार्ड टाकलं तरी लाखो रेषांची झाडं आणि माणसं थ्रीडी वेअरहाऊसमधून उतरवून टाकली की अडकणारच. हे तिला नक्की सांगा, मला तिसऱ्या वर्षात कळलं, तोपर्यंत मी प्रत्येक खिडकीबाहेर पूर्ण थ्रीडी झाड लावायचे. झाडं वेगळ्या टॅगवर ठेवायची आणि काम करताना तो टॅग बंद ठेवायचा, एवढ्यानेच फाइल हलकी होते.

कार्डाची खरी गरज लागेल ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात, एनस्केप आणि लुमियन ही रेंडरची सॉफ्टवेअर सुरू झाली की. ती सॉफ्टवेअर पूर्णपणे कार्डावर चालतात आणि ४ जीबी लगेच भरतं. त्यामुळे माझं मत असं की आत्ता घाई करू नका, आधी एसएसडी आणि रॅम करा, हार्ड डिस्कवर तर स्केचअप उघडायलाच दीड मिनिट जातं. आणि कार्ड घ्याल तेव्हा एनव्हिडियाचंच घ्या, ब्लेंडरमध्ये सायकल्सला (त्यातला रेंडर करणारा भाग) ते जास्त चांगलं जमतं, आमच्या बॅचमध्ये ज्यांच्याकडे एएमडी होतं त्यांना रेंडरच्या बाबतीत बराच त्रास झाला.

गिरगावकर_५८०

आरएक्स ५८० बद्दल मी सांगतो कारण मी स्वतः वापरलंय. कार्ड वाईट नाही, २०१७ चं आहे, गेमिंगला त्याने मला तीन वर्षं उत्तम साथ दिली. पण आज ऑनलाइन सात हजारांत ८ जीबी म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा मायनिंगमधून (कार्डं चोवीस तास चालवून डिजिटल नाणी मिळवायचा धंदा) आलेलं असतं. सप्टेंबर २०२२ ला इथेरियम नावाच्या नाण्याचं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस तापलेली ही सगळी कार्डं बाजारात आली, धुऊनपुसून, नवीन फॅन लावून, नवीन बॉक्समध्ये. त्यात २०४८ एसपी म्हणून एक प्रकार असतो, तो चीनच्या बाजारासाठी काढलेला, नाव ५८० पण आत चिप ५७० च्या ताकदीची. मी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून घेताना दुकानातच लावून अर्धा तास टेस्ट चालवून घेतली होती, दुकानदार कुरकुरला पण मी हललो नाही, आणि माझं मत आहे की जुनं कार्ड असंच घ्यावं. नाहीतर घेऊच नये. ऑनलाइन घेतलं तर तुम्हाला ती सोय नाही.

अजून एक म्हणजे नकली कार्डं. मित्राला १०५० टीआय म्हणून जे कार्ड आलं ते आतून ५५० टीआय निघालं, बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून विकलेलं, विंडोजमध्ये नाव बरोबर दिसतं त्यामुळे कळतच नाही. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात असं कार्ड असलं की नावाच्या आधी फेक असं लिहून येतं. कुठलंही कार्ड घ्या, बसवल्यावर पहिलं काम ते करा.

आणि ५८० ला १८५ वॅट लागतात, वर वेगळी ८ पिनची वायर लागते. दादांच्या २०१४ च्या एसएमपीएसवर ते मी तरी लावणार नाही.

कराडकर_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवण झाल्यावर मुलीला व्हिडिओ कॉलवर घेऊन कॅबिनेट उघडलं, आत दहा वर्षांची धूळ, आधी रंगाचा ब्रश आणि सायकलच्या पंपाने साफ केलं. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलंय पण खाली +१२ व्होल्टला १४ अँपियर असं आहे. बोर्ड एच८१. रॅमची स्टिक एकच आहे ८ ची, बाजूचा स्लॉट रिकामा. मॉनिटरची वायर निळी पंधरा पिनवाली, मॉनिटरला मागे तेवढंच भोक आहे. यूपीएस ६०० व्हीएचा. आता सांगा.

वायर_आणि_स्क्रू

दादा, तुम्ही नीट बघून लिहिलंत, आता नेमकं सांगता येतं.

१२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. तुमच्या ४५० च्या डब्यातनं कामाची वीज येते ती एवढीच, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टच्याच लाइनवर जगतात. बाकीचा आकडा ५ आणि ३.३ व्होल्टचा मिळवून फुगवलेला. प्रोसेसर पूर्ण लोडला ८४ वॅटचा, पिन न लागणारं सगळ्यात साधं कार्ड धरलं तरी ७५, झाले १५९, वर हार्ड डिस्क आणि फॅन. म्हणजे रेंडर लावल्यावर एसएमपीएस काठावर चालणार, तोही अकरा वर्षं जुना, आतले कपॅसिटर थकलेले. असा एसएमपीएस जाताना एकटा जाईलच असं नाही, बोर्ड आणि नवीन कार्डसुद्धा घेऊन जातो, आणि ते बिल बघताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी काउंटरच्या आतल्या बाजूने बघितलंय. त्यामुळे पहिला खर्च एसएमपीएसचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवतो याचा शिक्का) लिहिलेला, ४५० किंवा ५५० चा, १२ व्होल्टला ३५ अँपियरच्या आसपास देणारा. तीन-चार हजार जातील, पण पुढची मशीन घेतलीत तरी तो वापरता येईल.

दुसरी गोष्ट तुमचा बोर्ड, आणि ही बऱ्याच दुकानदारांनाही माहिती नसते. एच८१ चा कार्डाचा स्लॉट दिसायला पूर्ण लांब असतो पण तो पीसीआयई २.० (कार्ड आणि प्रोसेसरमधल्या जोडणीची जुनी पिढी) चालतो, तुमचा प्रोसेसर ३.० चा असला तरी बोर्डाचा चिपसेट त्याला पुढे जाऊ देत नाही. २.० मध्ये एका लेनमधून, म्हणजे माल जायच्या एका वाटेतून, सेकंदाला अर्धा जीबी माल जातो. सोळाच्या सोळा लेन वापरणारं कार्ड असेल तर ८ जीबी, काही अडचण नाही. पण अलीकडच्या स्वस्त कार्डांनी लेनच कमी केल्यात. एएमडीची आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी फक्त चार लेनवर चालतात, नवीन बोर्डावर पीसीआयई ४.० असतं म्हणून तिथे निभावतं, तुमच्याकडे लावली तर सेकंदाला जेमतेम २ जीबी. कार्डाची मेमरी भरून माल रॅममधून आणायची वेळ आली की तिथेच अडकणार. वर त्या दोन कार्डांत व्हिडिओ एन्कोडरही नाही, म्हणजे मुलीला वॉकथ्रू रेकॉर्ड करायचा झाला तर तोही भार परत प्रोसेसरवरच. ती दोन्ही कार्डं यादीतनं काढून टाका, कितीही स्वस्त मिळू देत.

राहिली दोन. जीटीएक्स १६५०, २०१९ चं, ४ जीबी, ७५ वॅट, सोळा लेन, तुमच्या बोर्डाला एकदम चपखल. त्यात वेगळी पिन न लागणारं मॉडेल येतं तेच मागा. आणि दुसरं आरटीएक्स ३०५० पण ६ जीबीचं, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं, ७० वॅट, बहुतेक मॉडेलना वायर लागत नाही, स्लॉटमधूनच वीज घेतं. याच नावाचं जुनं ८ जीबीचं पण आहे, ते १३० वॅटचं, गोंधळ करू नका. ३०५० आठ लेनचं आहे, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबीच्या वेगाने चालेल, गेममध्ये थोडा फटका बसेल, पण रेंडरिंगमध्ये सीन एकदाच कार्डावर चढतो आणि मग आतल्या आतच काम चालतं, तिथे फरक फार जाणवत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर एसएमपीएस आणि ८ ची दुसरी रॅम आत्ता घेतली असती, जुनी डीडीआर३ हजाराच्या आत-बाहेर मिळते, आणि दोन स्टिक झाल्या की बोर्डावरचं ग्राफिक्सही आहे त्यापेक्षा बरं चालतं. सोबत एसएसडी. कार्डासाठी दोन महिने थांबून ६ जीबीवालं. बाईंनी वर लिहिलंय ते बरोबर आहे, पहिलं वर्ष त्यावाचून अडणार नाही.

नवीन_असेंबल

मध्येच विचारतो, इंटेलचं आर्क कार्ड का नको? कमी पैशात मेमरी जास्त मिळते.

वायर_आणि_स्क्रू

कारण त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं, ते बोर्डाच्या बायोसमध्ये असावं लागतं, इंटेल स्वतः दहाव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर सांगते. दादांचा चौथ्या पिढीचा. त्याशिवाय आर्कचा वेग फार पडतो. नवीन मशीन बांधणाऱ्याने जरूर विचार करावा, इथे नाही.

रत्नागिरीचा_पाऊस

सगळे कार्डावर बोलतायत पण मला भिंतीतल्या सॉकेटबद्दल लिहायचंय. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला बोट लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होतं का ते आधी बघा. आमच्याकडे जुन्या वाड्यात वायरिंगला अर्थिंगच नव्हतं, तीन पिनचं सॉकेट होतं पण तिसरी पिन रिकामी, आणि ते मला दोन हार्ड डिस्क गेल्यावर एका वायरमननी दाखवलं. तोवर मी डिस्कच्या कंपनीला दोष देत होते. कोळसा-मीठ घालून खड्डा केला, तांब्याची पट्टी पुरली, उन्हाळ्यात त्यात पाणी घालते, तेव्हापासून एकदाही काही गेलं नाही. १७ हजारांचं कार्ड लावण्याआधी पाचशे-हजार रुपये वायरमनला देऊन हे तपासून घ्या, कळकळीने सांगतेय.

यूपीएस ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅटचा, ७० वॅटच्या कार्डाला पुरेल, पण बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर लाइट गेल्या गेल्या पूर्ण लोडवर तो बीप करून बंद पडेल, रेंडर चालू असताना तर नक्कीच. बॅटरी बदला.

आणि तुमची निळी वायर नवीन कार्डाला बसणार नाही, आताच्या कार्डांतून तो सिग्नलच निघत नाही. दोन टोकांना दोन वेगळी कनेक्टर असलेली साधी स्वस्त वायर आणू नका, तिच्यातून काही दिसत नाही, आत चिप असलेला एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर मागा. कार्ड लावल्यावर वायर कार्डाच्या मागेच लावायची, बोर्डाच्या नाही. माझ्या भावाने कार्ड बिघडलंय म्हणून दुकानात परत नेलं होतं आणि वायर जुन्याच जागी होती.

गिरगावकर_५८०

वरच्या ताईंना अनुमोदन. अजून एक, बिलावर कार्डाचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि भारतातली वॉरंटी आहे का ते विचारा. बिनबिलाचं हजार रुपये स्वस्त मिळतं पण दोन वर्षांनी फॅन अडकला की कोणी दारात उभं करत नाही. लांबी पण मोजा, २०१४ च्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कचा पिंजरा मध्ये येतो, एका फॅनचं छोटं कार्ड घेतलं तर प्रश्नच नाही.

कराडकर_बाबा

मंडळी, अडीच महिन्यांनी लिहितोय, उशीर झाला, पण काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

वायरमन बोलावला. आमच्या सॉकेटला अर्थिंग होतं पण बाहेरच्या बाजूला वायर गंजून तुटलेली, त्याने टेस्टर लावून दाखवलं, आणि मला आठवलं की पावसाळ्यात कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, इतकी वर्षं मी ते चालवून घेतलं आणि पोरगी त्याच टेबलावर अनवाणी बसायची. ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

मग एसएमपीएस, रॅम आणि एसएसडी एकदमच केलं. फक्त एवढ्यानेच कॉम्प्युटर वीस सेकंदांत सुरू व्हायला लागला, मुलगी म्हणाली बाबा आता कार्ड नको, पण मी थांबलो नाही, दिवाळीला पतसंस्थेचा बोनस आला त्यात ३०५० चं ६ जीबीवालं घेतलं, एका फॅनचं, पुण्याहून, बिलावर सीरियल नंबर घालून. १५ हजारांचं ठरवलेलं बरंच वर गेलं, पण एकदम गेलं नाही म्हणून झेपलं.

बसवताना स्लॉटची क्लिप नीट लागली नव्हती, फॅन फिरत होता पण डिस्प्ले येईना. वायर कार्डालाच लावली होती, ते दोनदा तपासलं. शेवटी कार्ड काढून सोनेरी पट्टी खोडरबरने पुसली, पुन्हा टिक आवाज येईपर्यंत दाबलं, आणि आलं. जीपीयू-झेडमध्ये नाव बरोबर आहे, फेक वगैरे काही नाही.

तिचा तोच खोलीचा रेंडर, जो ४३ मिनिटं घ्यायचा, तो ५ मिनिटांच्या आत झाला. दोनदा लावून बघितला. कार्डाचं तापमान ६६ च्या वर गेलं नाही.

एकच राहिलं, विंडोज १० आहे आणि ते अकरा होत नाही म्हणतं, त्याचं काय करू?

वायर_आणि_स्क्रू

दादा, वाचून फार बरं वाटलं. चौथ्या पिढीला ११ अधिकृतपणे मिळत नाही, आठव्यापासून पुढेच. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय पण सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर वाढीव सिक्युरिटी अपडेटची नोंदणी दिसेल, ती करून टाका, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत अपडेट मिळतात. तुमची पतसंस्थेची कामं मात्र या मशीनवर करू नका आता, ती ऑफिसच्याच कॉम्प्युटरवर करा. आणि पुढे कधी बोर्ड-प्रोसेसर बदलाल तेव्हा हे कार्ड, एसएमपीएस आणि एसएसडी तिन्ही काढून तसेच नव्यात जातील.

शेवटचं_वर्ष

काका, तिला सांगा ब्लेंडरमध्ये प्रेफरन्सेस, मग सिस्टिम, तिथे ऑप्टिक्स निवडायचं, कुडा नाही (एनव्हिडिया कार्डावर रेंडर करायच्या या दोन पद्धती). आणि उजवीकडे रेंडरच्या टॅबमध्ये डिव्हाइस जीपीयू कम्प्युट. आत्ता कुडावर असेल तर ऑप्टिक्स केल्यावर अजून वेळ कमी होईल.

कराडकर_बाबा

कुडावरच होतं. बदललं, आता ३ मिनिटं १० सेकंद.